नौपाड्यातला प्रिंटवाला आणि आमची जळकी चकली

घरगुती फराळाचा धंदा आहे आमचा, दिवाळीआधी ५०० व्हिजिटिंग कार्डं नौपाड्यातल्या एका गल्लीतल्या दुकानात छापून घेतली. लॅमिनेशन नको हे मी आधीच सांगितलं, त्या प्लास्टिकच्या फिल्ममुळे कागद रद्दीत गेला तरी नीट रीसायकल होत नाही ना, तर दुकानातले काका म्हणाले "मग वॉटर बेस कोटिंग (पाण्यावर आधारित पातळ थर) मारतो, चमक कमी येईल पण हाताला बरं लागेल". आणि खरंच बरं लागतं! ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाडसर) रीसायकल कागद, जरा मळकट पांढरा, मधेमधे बारीक तंतू दिसतात, पण चकलीचा फोटो त्यावर काळपट आलाय, जळल्यासारखीच वाटते, प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना बघताना माझ्याच लक्षात यायला हवं होतं म्हणा. सोया इंक (सोयाबीन तेलाची शाई) मागितली तर म्हणाले ती ऑफसेटला, म्हणजे मोठ्या संख्येच्या छपाईच्या मशीनला, एवढ्याशा कॉपीज डिजिटलवर टोनरनेच (पावडरच्या शाईनेच) निघतात. निदान थाप तरी नाही मारली.

बॅनर फ्लेक्सऐवजी कापडी केला, महाग पडला, पण त्यावर वर्ष छापलंच नाहीये म्हणजे पुढच्या दिवाळीलाही चालेल. डिलिव्हरी दोन दिवस लेट, फोन उचलत नाहीत, आणि गंमत म्हणजे कार्डं दिली प्लास्टिकच्या पिशवीत 😄