"बॅटरी फक्त स्टार्टिंगपुरती आहे, साहेब"

डिझेल नको, ऊन नको, वाऱ्याची वाट बघायला नको. एकदा चालू केला की स्वतःची वीज स्वतः तयार करून वर आपल्यालाही देणारा जनरेटर! तो आम्ही भागीदारीत घेतला आणि पैसे बुडाले. तसल्याच यंत्रांचे व्हिडिओ अजून मोबाईलवर फिरताहेत, म्हणून फसवतात नेमकं कसं ते लिहितो.

रचना साधी असते. मोटार पट्ट्याने फ्लायव्हील म्हणजे एक जड चाक फिरवते, फ्लायव्हील दुसऱ्या पट्ट्याने आल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, फिरवतं आणि आल्टरनेटरची वीज परत मोटारीला जाते. विक्रेत्याने सगळ्यांदेखत भिंतीतला प्लग उपटला, तरी चाक फिरत राहिलं आणि फळीवरचे बल्बही पेटलेले राहिले. सांगाड्याच्या तळाशी पत्र्याची बंद पेटी होती. तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "बॅटरी फक्त स्टार्टिंगपुरती आहे, साहेब. मशीनने पिकअप घेतला की तिचं काम संपलं." पेटी उघडायला मनाई. कारण काय, तर पेटंटचा अर्ज केलाय. अर्जाचा नंबरही दाखवला. अर्ज कुणीही करू शकतो आणि नंबर प्रत्येक अर्जाला मिळतो, ही गोष्ट तो अर्थातच बोलला नाही.

सगळी करामत त्या पेटीत होती. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी म्हणजे साधारण १.८ युनिट वीज. फळीवर बल्ब ढीगभर, पण सगळे ९ वॅटचे एलईडी. असे वीस लावले तरी १८० वॅटच होतात. बघणाऱ्याला मात्र झगमगाट दिसतो. प्रात्यक्षिक आटोपून चहापाणी होईपर्यंत बॅटरी आरामात पुरते.

"फ्लायव्हील पॉवर वाढवतं" हे त्याचं आवडतं वाक्य. फ्लायव्हील काही वाढवत नाही, दिलेलं तेवढं साठवतं. १०० किलोची, ३० सेंटिमीटर त्रिज्येची भरीव चकती मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यात सुमारे ५५ हजार ज्यूल असतात. म्हणजे १००० वॅटचा हीटर एक मिनिटसुद्धा चालणार नाही. शिवाय मोटार ८५ टक्के आणि आल्टरनेटर ८५ टक्के कार्यक्षम धरला, तर दोन्हींतून जाऊन हातात ७२ टक्केच उरतात. पट्टे आणि बेअरिंग आपला वाटा घेतात तो वेगळाच.

मीटरचा खेळ त्याहून सफाईदार. आल्टरनेटरवर त्याने एक बिनभाराची मोटार जोडली, क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला आणि व्होल्ट गुणिले अँपिअर करून "आउटपुट जास्त" असं सिद्ध करून दाखवलं. रिकामी मोटार करंट भरपूर ओढते, पण तो नुसता गुणाकार म्हणजे वॅट नव्हेत. त्या गुणाकाराला व्हीए म्हणतात आणि त्यातला खऱ्या वॅटचा हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर. तो ०.२ असला तर १००० व्हीएमागे खरे वॅट २००च. हीटरवर हा खेळ चालत नाही, तिथे गुणाकार म्हणजेच वॅट. जिथे मोटारीऐवजी हीटर लावू देत नाहीत, तिथून उठून यावं.

असल्या विक्रेत्यांच्या बोलण्यात भास्कराचार्य येतातच. 'सिद्धांतशिरोमणी'त (११५०) पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे, हे खरं. पण एका बाजूचा पारा आसापासून लांब सरकला, तरी सगळ्या पाऱ्याचा मिळून तोल साधतो आणि चाक थांबतं. गोष्टच सांगायची तर चार्ल्स रेडहेफरची सांगावी. १८१२ मध्ये फिलाडेल्फियात तो असं यंत्र दाखवून पैसे घ्यायचा. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वाफेच्या बोटी बांधणारा अभियंता रॉबर्ट फुल्टन ते बघायला गेला. चाकाची गती एकसारखी नाही, हाताने फिरवल्यासारखी कमीजास्त होतेय, हे त्याने ओळखलं. शेजारच्या फळ्या उचकटल्या, तर आतून पट्टा निघाला. तो थेट वरच्या खोलीत गेलेला आणि तिथे एक म्हातारा हँडल फिरवत बसलेला! आता म्हाताऱ्याची जागा बॅटरीने घेतली, एवढाच फरक. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असले दावे तपासणं १७७५ मध्येच बंद केलं होतं.

आमच्याकडे यंत्र बसवलं आणि त्याच दिवशी मंदावत मंदावत बंद पडलं. विक्रेत्याचा माणूस आला. त्याने सगळं बंद ठेवून गप्पा मारल्या, मग बॅटरीला मीटर लावला. व्होल्टेज वर आलेलं. "बघा, चार्ज होतेय!" लेड-ॲसिड बॅटरीचा भार काढला की व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं, त्यात चार्जिंग नाही. पुढे "तुमचा लोड जास्त" झालं, मग "मोठी बॅटरी घ्या". मोठी घेतली, तर यंत्र तेवढंच जास्त वेळ चाललं. नंतर फोन लागेना.

कुणाला अजूनही असं यंत्र घ्यायचंच असेल, तर बॅटरी सांगाड्यातून काढून बाहेर ठेवायला सांगा, हीटर लावा आणि यंत्र कुलपात दोन दिवस चालू ठेवा. आणि पैसे देण्याआधी दावा पावतीवर लिहून घ्या. आमच्या पावतीवर "मोटार-आल्टरनेटर संच, बॅटरीसह" एवढंच आहे. वकिलांनी ती वाचून सांगितलं, की पावतीप्रमाणे माल पोचलाय. "इंधनाशिवाय कायम चालेल" हे त्याने मेसेजवर लिहिलं होतं, ते आम्ही जपून ठेवलंय. तक्रार सध्या तेवढ्यावरच उभी आहे.