ओरखडे: कंपाउंड की वॅक्स?

गुहागरकडच्या अरुंद पाखाडीत गाडी वळवली की करवंदीची जाळी दारावर सही करतेच. ओरखड्यावरून आधी नख फिरवा. अडकलं, तर कंपाउंड, वॅक्स दोन्ही सोडा नि पेंटरकडे जा.

नाही अडकलं, तर रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, हाच खरा इलाज. ते ओरखडा भरत नाही, भोवतीचा क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासून त्याच्या पातळीला आणतं. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणून दर महिन्याला घासाघीस नको. आधी भरपूर पाण्याने जांभ्याची धूळ काढा, नाहीतर फडक्याचाच पॉलिश पेपर होतो. काम सावलीत, मायक्रोफायबरने, हलक्या हाताने.

वॅक्स सोपं, पण नुसतं झाकतं. आमच्या पावसात टिकणार किती? तरी खारा वारा आहे म्हणून कंपाउंडनंतर मी लावतोच.