बाल्ड ईगलच्या पिल्लाला काय लावायचं: सॅटेलाइट टॅग, मोबाइलवाला टॅग की नुसती रिंग?

अमेरिकेत वाइल्डलाइफ शिकणाऱ्या किंवा तिथल्या एखाद्या शिकारी पक्ष्यांच्या प्रोजेक्टवर लागलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बाल्ड ईगल म्हणजे उत्तर अमेरिकेतला मोठा शिकारी पक्षी, त्याचं पिल्लू १० ते १२ आठवड्यांचं झालं की घरट्यातून उडतं, मग काही आठवडे आईबापांच्या जवळपास राहून आयतं खातं, आणि एकदा निघालं की निघालं. पांढरं डोकं आणि पांढरी शेपूट यायला पाचेक वर्षं लागतात, तोवर ते तपकिरीच असतं, स्वतःची हद्द नसते, आज इथे तर महिन्याभराने दोन राज्यं सोडून पलीकडे. आणि याच वयात, त्यातही पहिल्या वर्षात, सगळ्यात जास्त मरतात. म्हणून टॅग (पक्ष्याच्या पाठीवर बांधायचं, तो कुठे आहे ते कळवणारं छोटं यंत्र) निवडताना माझा पहिला प्रश्न असतो की पिल्लू मेलं तर मला कळेल का, आणि कुठे मेलं ते कळेल का. नकाशावरच्या सुंदर रेषा नंतर बघू.

रिंगेला, म्हणजे पायात घालायच्या नंबरवाल्या कड्याला, कमी लेखू नका. चार्ल्स ब्रॉली नावाचे कॅनडातले रिटायर्ड बँक मॅनेजर १९३९ पासून फ्लोरिडात झाडांवर चढून पिल्लांच्या पायात रिंगा घालत होते, हजाराच्या वर पिल्लं केली त्यांनी, आणि फ्लोरिडाची पिल्लं उन्हाळ्यात पार कॅनडापर्यंत जातात हे त्या रिंगांमुळेच समजलं. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीखाली मेलेला एक ईगल सापडला, त्याच्या पायातली रिंग १९७७ ची, म्हणजे ३८ वर्षं! एवढं कुठलंच मशीन टिकत नाही. पण रिंग बोलते ती कुणाला पक्षी सापडला तरच, किंवा रंगीत रिंग असेल आणि कुणी दुर्बिणीतून वाचली तर. मधलं सगळं कोरं.

आता सॅटेलाइट. यातली सगळ्यात जुनी आणि भरवशाची सिस्टीम म्हणजे आर्गोस, १९७८ पासूनची, फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून उभी केलेली. पूर्वीच्या टॅगमध्ये जीपीएस नसायचं, सॅटेलाइट डोक्यावरून जाताना सिग्नलची फ्रीक्वेन्सी थोडी बदलते त्यावरून जागा काढायचे, चूक चांगल्या सिग्नललाही अडीचशे मीटरपर्यंत आणि वाईट असला तर किलोमीटरमध्ये. एखाद्या जंगलात एक किलोमीटरच्या गोलात तपकिरी पक्षी शोधून दाखवा! आता टॅगमध्येच जीपीएस असतं, सॅटेलाइट फक्त निरोप पोचवतं, त्यामुळे थेट झाडाखाली जाऊन उभं राहता येतं. वर सोलर पॅनल, वजन ७० ग्रॅमच्या आसपास, आणि पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांवर जायचं नाही हा सर्वसाधारण नियम, म्हणजे तीन किलोच्या नरालाही चालतं. महाग आहे मात्र, टॅगचेच काही हजार डॉलर आणि वर दर महिन्याची सॅटेलाइटची फी.

मोबाइलवाला टॅग म्हणजे जीपीएस अधिक सिमकार्ड. डेटा भरपूर, दर पंधरा मिनिटांनी किंवा त्याहून जवळजवळची जागा मिळते, पाठवायचा खर्चही कमी. पवनचक्क्या, विजेच्या तारा, रात्री कुठल्या झाडावर बसतात असले बारीक प्रश्न असतील तर याला तोड नाही. रेंज गेली तर साठवून ठेवतो आणि टॉवर मिळाला की सगळं ओततो. पण पिल्लू रेंजबाहेर मेलं तर? मग तो डेटा तिथेच राहतो आणि तुम्हाला वाटतं टॅग बिघडला असेल. हे फार वाईट, कारण जी पिल्लं मेली तीच तुमच्या हिशोबातून गळतात आणि जगण्याचं प्रमाण उगाच चांगलं दिसायला लागतं. शिवाय नेटवर्क कंपन्यांच्या हातात असतं. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी बंद झालं, तेव्हा ज्या टॅगना फक्त तेवढंच यायचं ते गप्प झाले. २०१९ मध्ये रशियातल्या स्टेपी ईगलच्या टॅगनी इराणमधून साठलेले एसएमएस एकदम पाठवले, रोमिंगचं बिल इतकं आलं की शेवटी मोबाइल कंपनीनेच ते माफ केलं.

अजून एक गोष्ट, दोन्हींना लागू. मेलेला पक्षी उताणा पडला तर पॅनल खाली दबतं, चार्जिंग थांबतं, आणि उरलेल्या बॅटरीत शेवटचा निरोप गेला तर गेला. त्यामुळे सॅटेलाइट टॅग तीन-तीन दिवसांनी पाठवायला लावला असेल तर तो धोका आहे, पैसे थोडे जास्त जाऊ दे पण वेळ जवळजवळची ठेवा. आयोवातल्या डेकोराच्या घरट्यातलं डी-१४ नावाचं पिल्लू नोव्हेंबर २०१२ मध्ये विजेच्या खांबावर करंट लागून मेलं, त्याच्या पाठीवर टॅग होता. शव लवकर हाती आलं तर करंट, गाडीची धडक की शिशाची विषबाधा हे तपासता येतं, आठवडाभराने फक्त पिसं उरतात.

हार्नेसबद्दल, म्हणजे टॅग पाठीवर बांधायच्या पट्ट्यांबद्दल, कुणी फारसं बोलत नाही. टेफ्लॉनच्या फिती खांद्यांवरून आणि पंखांखालून येऊन छातीवर एकत्र येतात, तिथे सुती दोऱ्याने शिवतात, म्हणजे काही वर्षांनी दोरा कुजून सगळं आपोआप गळून पडेल. पिसं पॅनलवर येतात म्हणून टॅग थोडा उंच बसवायचा. फार लहान पिल्लाला बांधलं तर ते वाढल्यावर आवळतं, फार उशीर केला तर माणूस झाडावर चढताना बघून ते घरट्यातून उडी मारतं. हे काम शिकलेल्या माणसाच्या हाताखालीच करायचं. तसंही १९४० च्या ईगल संरक्षण कायद्यामुळे, फेडरल बँडिंग परमिट (रिंग घालायचा केंद्र सरकारचा परवाना) नसेल तर हातही लावता येत नाही.

मग काय घ्यायचं? चेसापीक बे या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाडीच्या आसपासची पिल्लं असतील, जिथे टॉवर भरपूर, तर मी डोळे मिटून मोबाइलवाला सांगेन. अलास्का किंवा कॅनडातलं लॅब्राडोर, उत्तर ओंटारिओ असेल, जिथे टॉवर विरळ, तर सॅटेलाइटच. आपल्याकडे २०१३ मध्ये नागालँडच्या अमूर ससाण्यांनाही छोटे सॅटेलाइट टॅगच लावले होते, ते अरबी समुद्र ओलांडतात, तिथे टॉवर कुठून येणार. फ्लोरिडाची पिल्लं मधली केस, बरीचशी पूर्व किनाऱ्याने वर जातात पण काही कॅनडात शिरतात, तिथे मी पिल्लांची संख्या कमी करून सॅटेलाइट घेईन. आणि रंगीत रिंग प्रत्येकाला, टॅग असो नसो. सगळं बजेट टॅगवर मात्र उडवू नका, सिग्नल एका जागी थांबला की त्याच दिवशी गाडी काढून जाणारा माणूस आणि शव तपासायचे पैसे आधी बाजूला ठेवा, मग उरलेल्यात किती टॅग बसतात ते बघा.