शांतिसेना मागवण्याआधी: संयुक्त राष्ट्रांच्या सेवेचं परखड परीक्षण

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना ही सेवा 1948 पासून चालू आहे आणि तिच्याविषयीचा मुख्य गैरसमजही जवळपास तितकाच जुना आहे. निळ्या टोप्या आल्या म्हणजे आता कुणीतरी आपल्याला वाचवणार, असं लोकांना वाटतं. तिची घडणच त्यासाठी नाही. दोन पक्षांनी बंदुका खाली ठेवायचं आपणहून ठरवलं असेल, तर त्या खालीच राहाव्यात म्हणून मध्ये उभं राहणं हे तिचं काम. तेवढंच मागितलं तर ती ते नेटकं करते. नामिबियात 1989-90 मध्ये निवडणूक झाली, देश स्वतंत्र झाला आणि फौज परत गेली. मोझांबिकमध्येही 1992 ते 1994 या काळात युद्धबंदी टिकली आणि निवडणूक पार पडली. दोन्हीकडे लढणारे दमले होते, त्यांचे बाहेरचे पाठीराखे मागे हटले होते आणि सह्या फौज येण्याआधीच झाल्या होत्या.

गुण द्यायचे तर: युद्धबंदीवर देखरेख चांगली, नागरिकांचं संरक्षण बेभरवशाचं, तक्रार निवारण जवळपास शून्य.

सुरक्षा परिषदेकडे स्वतःची फौज नाही, दुखणं इथून सुरू होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 43 नुसार सदस्य देशांनी करार करून सैन्य परिषदेच्या हाताशी ठेवायचं होतं. असा एकही करार आजवर झालेला नाही. सनदेत शांतिसेनेचा उल्लेखही सापडत नाही. सहावं प्रकरण वाटाघाटींचं, सातवं बळाच्या वापराचं आणि ही सेवा दोन्हींच्या मधे लोंबकळणारी, म्हणून सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या नावावर 'साडेसहावं प्रकरण' ही कोटी सांगितली जाते. परिणाम असा की प्रत्येक मोहीम शून्यापासून उभी करावी लागते. परिषदेत 15 पैकी 9 मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानंही नकाराधिकार वापरता कामा नये. मग सचिवालय आराखडा करतं, देशोदेशी तुकड्या मागत फिरतं, आमसभेची पाचवी समिती पैसे मंजूर करते, तुकडी देणाऱ्या देशाशी एक करार होतो आणि जिथे फौज जाणार त्या यजमान देशाशी दुसरा. संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या समितीच्या 2000 सालच्या ब्राहिमी अहवालानं साध्या मोहिमेसाठी 30 आणि गुंतागुंतीच्या मोहिमेसाठी 90 दिवसांची मुदत सुचवली होती. पूर्ण फौज उभी राहायला प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त महिने जातात. कत्तल सुरू झाल्यावर अर्ज करणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं.

फौज आलीच, तर ती कुणाचं ऐकते? कागदावर मोहिमेच्या सेनापतीचं. पण जवानाची बढती, शिस्त आणि त्याच्यावरचा फौजदारी खटला हे सगळं त्याच्या मायदेशाच्या हातात असतं. शिवाय अनेक सरकारं तुकडी पाठवतानाच अटी घालतात: अमुक भागाबाहेर जाणार नाही, रात्री गस्त घालणार नाही, हल्ल्यात उतरणार नाही. यातल्या काही अटी लेखी असतात, काही ऐन वेळी कळतात. धोक्याचा हुकूम आला की तुकडीचा प्रमुख आधी आपल्या राजधानीला विचारतो.

रवांडात हेच झालं. मोहिमेला मंजुरी होती 2,548 जणांची. जानेवारी 1994 मध्ये सेनापती रोमिओ दालेर यांनी शस्त्रसाठ्यांवर छापा घालण्याचा बेत न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवला, तेव्हा तिथून मनाई आली. 7 एप्रिलला बेल्जियमचे 10 जवान मारले गेले आणि बेल्जियमनं आपली तुकडी काढून घेतली. 21 एप्रिलला परिषदेनं ठराव 912 करून फौज 270 वर आणायचं ठरवलं, तेही हत्याकांड ऐन भरात असताना. सुमारे 100 दिवसांत अंदाजे 8 लाख माणसं मारली गेली. बेल्जियमला शिव्या घालणं सोपं आहे, पण तिथलं सरकार आपल्या मतदारांना बांधील होतं, रवांडाच्या लोकांना नव्हतं. इथेच या सेवेतली खरी गोम आहे. तुकडी देणाऱ्या देशाचं सार्वभौमत्व शाबूत असतं, नकाराधिकार असलेल्या पाच देशांचं तर दुप्पट शाबूत असतं. गहाण पडतं ते फक्त यजमानाचं.

बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाचा तपशील तर प्रत्येक संरक्षण मंत्रालयात भिंतीवर लावावा असा आहे. एप्रिल 1993 मध्ये परिषदेनं हे गाव 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं. अशा क्षेत्रांसाठी लष्करी अधिकाऱ्यांनी सुमारे 34,000 जादा सैनिक मागितले, परिषदेनं मंजूर केले 7,600. गावातल्या बोस्नियन लढवय्यांनी निःशस्त्रीकरणाच्या कराराखाली काही शस्त्रं जमा केली. वेढा घालणाऱ्या सर्ब सैन्याची तोफखान्यासकट जागच्या जागी राहिली. डच तुकडीकडे हलकी शस्त्रं होती. सर्ब सैन्यानं इंधनाचे ताफे अडवले, त्यामुळे गस्त पायी घालावी लागे. हवाई मदत हवी तर मागणी तुझला, सारायेव्हो, झाग्रेब अशी पायरीपायरीनं वर जायची आणि विमानं उडायला संयुक्त राष्ट्रं आणि नाटो या दोघांचाही होकार लागायचा. 11 जुलै 1995 च्या दुपारी विमानं आली, थोडे बॉम्ब टाकले गेले. ओलीस धरलेल्या डच जवानांना मारण्याची धमकी आली आणि हल्ले थांबले. त्यानंतरच्या काही दिवसांत 8,000 च्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. चूक कुठे झाली, याची यादी करायला बसलं तर एकटा खलनायक सापडत नाही. सैनिक कमी, इंधन नाही, हुकमाची साखळी लांब आणि स्थानिकांची हत्यारं काढून घेतलेली. यातली फक्त शेवटची बाब यजमानाच्या हातात होती.

भरपाईचं काय? नेदरलँड्सच्या न्यायालयांनी संयुक्त राष्ट्रांना खटल्यापासून कायदेशीर संरक्षण असल्याचं मान्य केलं. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डच सरकारला जबाबदार धरलं, पण तळाच्या आवारात आसरा घेतलेल्या 350 पुरुषांपुरतं आणि नुकसानीच्या फक्त 10 टक्के. म्हणजे जे काही थोडं पदरात पडलं, ते एका देशाच्या न्यायालयातून पडलं.

हैतीत ऑक्टोबर 2010 मध्ये कॉलरा पसरला. त्या देशात शंभर वर्षांत या रोगाची नोंद नव्हती. मिरबाले गावाजवळच्या शांतिसेनेच्या तळावरचं मैलापाणी उपनदीत गेलं आणि तिथून आर्तिबोनित या मोठ्या नदीत. मृतांचा आकडा 10,000 च्या घरात गेला. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भरपाईचे दावे 'स्वीकारण्याजोगे नाहीत' म्हणून परत पाठवले आणि डिसेंबर 2016 मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली. 40 कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, त्यातला लहानसा भागच जमला. गंमत म्हणजे यजमान देशाशी होणाऱ्या नमुना करारात अशा दाव्यांसाठी कायम आयोग नेमण्याचं कलम आहे. आजवर कुठल्याही मोहिमेत असा आयोग नेमला गेलेला नाही.

खर्चाची बाजू थोडक्यात. शांतिसेनेचं आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून असतं आणि 2024-25 चा मंजूर खर्च सुमारे 5.6 अब्ज डॉलर होता. जगाच्या लष्करी खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, त्यामुळे सेवा महाग आहे ही तक्रार खरी नाही. तक्रार आहे ती पैसा आणि रक्त वेगवेगळ्या खिशांतून येतं याची. वर्गणीत अमेरिका आणि चीन मिळून जवळपास निम्मा वाटा. जवान मात्र नेपाळ, रवांडा, बांगलादेश, भारत अशा देशांचे. दर जवानामागे सरकारला मिळणारी रक्कम 2018 मध्ये महिना 1,428 डॉलर ठरली होती, पुढे थोडी वाढली. आपल्या सैन्याचा वापर कसा होणार या निर्णयात परिषदेबाहेरच्या देशाला सामील करून घ्यावं, असं कलम 44 सांगतं. भारत त्याची आठवण वारंवार करून देतो, पण ठरावांचे मसुदे कायम सदस्यांच्याच टेबलावर तयार होतात. आणि वर्गणी थकली की कात्री कुठे लागते? 2025 च्या ऑक्टोबरमध्ये चणचणीमुळे शांतिसेनेतले सुमारे एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस कमी करायचं ठरलं. ज्यांच्या गावातली चौकी उठणार, त्यांना कुणी विचारलं नाही.

सेवा परत करता येते का? येते, आणि हा तिचा सगळ्यात भरवशाचा भाग म्हणायला हवा. संमती काढली की फौज टिकत नाही. मे 1967 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सांगितलं आणि सिनाईतली फौज निघाली. इस्रायलनं तर ती आपल्या हद्दीत कधी घेतलीच नव्हती. 5 जूनला युद्ध पेटलं. इरिट्रियानं 2005 मध्ये हेलिकॉप्टरं उडवायला बंदी केली, पुढे डिझेल आवळलं आणि 2008 मध्ये मोहीम गुंडाळली गेली. मालीनं जून 2023 मध्ये 'विनाविलंब जा' म्हटलं आणि 31 डिसेंबरला 10 वर्षांची मोहीम संपली. मालीत त्यानंतर शांतता नांदली नाही, हेही नोंदवायला हवं. हाकलून देणं जमतं. मागे राहिलेली पोकळी भरायला स्वतःचं धड सैन्य, पोलीस आणि वेळेवर पगार लागतात.

सार्वभौमत्वाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना एक प्रश्न टाळता येत नाही: सरकारच मारेकरी असेल तर? 1994 मध्ये रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता आणि त्या राजवटीचा प्रतिनिधी बैठकीत बसत होता. सार्वभौमत्वाची ढाल इतकी निर्लज्जपणे क्वचितच वापरली गेली असेल. पण ते हत्याकांड थांबवलं निळ्या टोप्यांनी नव्हे, रवांडाच्याच बंडखोर सैन्यानं राजधानी घेऊन. सिएरा लिओनमध्ये मे 2000 मध्ये बंडखोरांनी सुमारे 500 शांतिसैनिक पकडले, तेव्हाही बाजी फिरली ती ब्रिटननं आपल्या हुकमाखाली आपलं सैन्य उतरवल्यावर. जुलैमधल्या ऑपरेशन खुकरीत कायलाहुनला वेढ्यात अडकलेली तुकडी भारतीय, सुटकेला गेलेलं बळ मुख्यतः भारतीय आणि सेनापती विजय जेटलीही भारतीय होते. निर्णय लवकर झाला कारण विचारायचं होतं ते मुख्यतः एकाच राजधानीला.

एवढं करूनही ही सेवा घ्यायचीच असेल, तर करारावर सही करण्याआधी काही गोष्टी लिहून घ्याव्यात. दाव्यांचा आयोग नावानिशी आणि तारखेनिशी. तळावरच्या मैलापाण्याची तपासणी यजमानाच्या आरोग्य खात्याकडून. येणाऱ्या प्रत्येक तुकडीच्या अटी लेखी. स्थानिकांची शस्त्रं जमा करायची तर समोरच्याच्या तोफा हलल्यानंतर, आधी नाही. आणि शेवटची तारीख. लेबनॉनमधल्या फौजेच्या नावातच 'अंतरिम' आहे. ती 1978 मध्ये आली आणि परिषदेच्या ताज्या ठरावानुसार तिचं काम 31 डिसेंबर 2026 ला थांबायचं आहे. काश्मीरमधला निरीक्षक गट 1949 पासून आहे. त्याचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातून चालतो आणि त्याला मुदतवाढीचा ठराव लागत नाही, म्हणून तो संपवायचा प्रसंगच येत नाही. 1972 च्या सिमला करारानंतर त्याचं प्रयोजन उरलं नाही ही भारताची भूमिका. पाकिस्तान त्याच्याकडे तक्रारी नोंदवत राहतो. 2014 मध्ये भारतानं त्याला दिल्लीतली बिनभाड्याची जागा सोडायला सांगितली. कार्यालयाचं बिऱ्हाड मात्र उन्हाळ्यात श्रीनगर आणि हिवाळ्यात इस्लामाबाद असं फिरतच राहिलं.