मळ्यात कोणता फोन न्यावा: स्मार्टफोन की बटणाचा?

केळी पट्ट्यातला माणूस आज फोन घरी राहिला तर अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो. भाव त्यात, मजुरांचा हिशेब त्यात, खतवाल्याचे पैसे त्यातूनच जातात आणि विहिरीवरची मोटरही त्यातूनच चालू होते. स्मार्टफोन आहेच, पण मळ्यासाठी बटणाचा दुसरा घ्यावा का, असा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे दोन्ही आहेत.

स्मार्टफोनशिवाय काही कामं होतच नाहीत, हे आधी मान्य करतो. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर आपल्या पिकाची नोंद अ‍ॅपवरून करणं, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. तिच्यासाठी बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. पानावर करपा दिसला किंवा सीएमव्हीची (केळीवरच्या विषाणूजन्य रोगाची) शंका आली, तर जाणकाराला लगेच फोटो पाठवता येतो. रावेर आणि बऱ्हाणपूरचे भाव सकाळीच ग्रुपवर येतात. याबाबतीत बटणाचा फोन उपयोगाचा नाही.

मात्र घड कापायला घेतले की हाताला चीक लागतो. त्या बोटांनी टच नीट चालत नाही आणि काच काळपट होते ती वेगळीच. बटणं अंगठ्याने न बघता दाबता येतात.

तरी माझा निर्णय झाला तो उन्हामुळे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो. आयफोनची कंपनी स्वतःच सांगते की फोन 0 ते 35 अंशांच्या हवेत वापरावा. इतर फोनही फार वेगळे नसावेत. शर्टाच्या खिशात तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी स्क्रीन अंधूक करतो, मग कॅमेरा बंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी फक्त तापल्याची सूचना दाखवत राहतो. हे नेमकं घडतं कापणीच्या दिवशी. गाडीवाला फाट्यावर उभा राहून रस्ता विचारतोय, मुकादमाला दुसऱ्या टोकाचे मजूर हलवायचेत, व्यापाऱ्याचा माणूस निघालाय, आणि सगळ्यांचे नंबर त्या एका बंद काचेच्या आत. पूर्वी निदान पाच-सहा नंबर तोंडपाठ असायचे. आता घरचा सोडला तर मला एकही येत नाही. निंबाच्या सावलीत फोन थंड व्हायची वाट बघत उभं राहायचं, तोवर सगळी माणसं ताटकळतात. आपलं एवढं सगळं एकाच वस्तूवर टेकलंय, हे मला त्या सावलीत कळलं आणि ते बरं वाटलं नाही.

बटणाचा फोन त्याच उन्हात, त्याच खिशात आजवर कधी बंद पडलेला नाही. चार्जिंगची आठवण काही दिवसांनी येते. दुसरा फायदा मी धरला नव्हता. भाव बघायला म्हणून काढलेला स्मार्टफोन लवकर खिशात जात नसे. आता तोच वेळ पानाच्या मागची बाजू बघण्यात आणि ठिबकचे ड्रिपर तपासण्यात जातो. प्रत्येकाला असाच अनुभव येईल, असं म्हणत नाही.

पैशांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय 123पे आणलं. 2025 पासून त्यातून एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत पाठवता येतात. नंबर फिरवून, आवाज ऐकत बटणं दाबायची असल्याने वेळ लागतो. सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला) उचल देण्यापुरतं जमतं, मोठा व्यवहार मी घरी येऊनच करतो.

घ्यायचाच झाला तर बँकेला जोडलेलं सिम स्मार्टफोनमध्येच राहू द्या. ते काढलं की यूपीआय अ‍ॅप पुन्हा पडताळणी मागू शकतं. मळ्यासाठी वेगळं सिम घ्या; त्यावरून 123पे वापरायचं असेल तर तो नंबरही बँक खात्याला जोडलेला लागेल. ते जिओचं असेल तर बटणाचा फोनही 4जी लागेल, कारण त्यांचं 2जी नेटवर्कच नाही. आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवा सालदार लागण्याआधी मोटरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये हा नवा नंबर नोंदवून घ्या. बहुतेक स्टार्टर नोंदवलेल्या नंबरवरूनच मोटर चालू करतात, आणि साध्या कॉलवर चालत असल्याने त्यांना बटणाचा फोन पुरतो.