आठ जीबीच्या लॅपटॉपवर व्हीएस कोड आणि फ्लटर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी ऑर्डर नोंदवायचं ॲप करतोय. आधी अँड्रॉइड स्टुडिओ या गूगलच्या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉटलिन भाषेत कोड लिहायचो, आता व्हीएस कोड या एडिटरवर फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवायचं साधन). हौस म्हणून बदललं नाही. स्टुडिओ आणि एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) दोन्ही चालवायचे तर १६ जीबी रॅम हवी असं गूगलच सांगतं, आणि माझ्याकडं त्याच्या निम्मी. त्यात सोलापूरचा मे महिना!

व्हीएस कोड हलका आहे. एम्युलेटर बंदच ठेवतो, जुना फोन यूएसबीनं जोडतो. खरी मजा हॉट रीलोडची, म्हणजे चालू ॲपमध्येच कोडमधला बदल लगेच उतरवण्याची. मालक शेजारी खुर्ची ओढून बसतात: "ते जीएसएम वर घ्या की, साइज खाली." (जीएसएम म्हणजे टॉवेलच्या कापडाचं दर चौरस मीटर वजन, ग्रॅममध्ये.) पूर्वी "उद्या दाखवतो" म्हणायचो. आता सेव्ह केलं की बदल फोनवर दिसतो आणि अर्धवट भरलेली ऑर्डर तशीच राहते. त्यामुळं मालकांना वाटायला लागलंय की सगळंच असं चुटकीसरशी होतं, तो भाग वेगळा.

कारखान्यात बोलणं बरंचसं तेलुगूत, म्हणून ॲप मराठी-तेलुगू दोन्हींत. मजकूर वेगळ्या एआरबी फायलींत (भाषांतरं ठेवायच्या फायली) राहतो. एखादं तेलुगू लेबल ओळीत मावलं नाही, की डीबगमध्ये (ॲप बनवताना तपासायच्या मोडमध्ये) कडेला पिवळे-काळे पट्टे येतात. नजरेतून सुटूच शकत नाही.

पण स्टुडिओ गेला म्हणजे ग्रेडल (कोडपासून ॲप तयार करणारं, म्हणजे बिल्ड करणारं साधन) गेलं असं समजू नका. अँड्रॉइड एसडीके (अँड्रॉइड ॲप बनवायचा साधनसंच) लागतोच, आणि पहिल्या बिल्डला निवांत चहा होतो. इनिटस्टेटमधलं (स्क्रीन तयार होताना एकदाच चालणारा कोड) काही बदललं तर हॉट रीस्टार्टच करावा लागतो, म्हणजे ॲप पहिल्यापासून सुरू, मग भरलेली ऑर्डर गेली. डीबगमध्ये ॲप जड वाटतं. वेग जोखायचा तर प्रोफाइल मोडमध्येच. ब्लूटूथ प्रिंटरसाठी थोडा कॉटलिन कोड आहे, तेवढ्यापुरता मी अजून स्टुडिओच उघडतो. तिथं कॉटलिनची साथ फार चांगली आहे.

रॅम भरपूर असेल आणि फक्त अँड्रॉइडच करायचं असेल, तर बदलू नका. कंपोझला (कॉटलिनमध्ये स्क्रीन बनवायचं साधन) स्टुडिओत हॉट रीलोडसारखं लाइव्ह एडिट आहेच. माझ्यासारखं फॉर्म आणि याद्यांचं काम असेल तर जरूर बघा.

मालकांच्या मुलाकडं आयफोन आहे. "त्यावर पण चालेल ना?" कोड बहुतेक तोच चालेल, पण बिल्डला मॅक आणि ॲपलचं एक्सकोड सॉफ्टवेअर लागतं. मॅकची किंमत सांगितली, विषय सध्या तिथंच थांबलाय.