राजहंसगड की चोर्ला घाट? बेळगावात राहून डोंगरातल्या मॅरेथॉनची तयारी

200 किलोमीटरची सायकल ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केलेला माणूस डोंगरातल्या मॅरेथॉनकडे वळला, की त्याला धास्ती असते ती चढाची. मला वाटतं, धास्ती उताराची असावी. चढासाठी लागणारा दम सायकलने बराचसा कमावून दिलेला असतो. 42.195 किलोमीटरमध्ये पाय निकामी होतात ते उतारावर, म्हणून सरावाची जागाही उतार बघूनच ठरवावी.

पायडल मारताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर धावताना तोच स्नायू ताणला जात असताना प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतो. हे काम सायकलवर जवळजवळ होतच नाही, पोहताना तर नाहीच. त्यामुळे छाती तयार असूनही पहिल्या मोठ्या उतारानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: एकदा असे पाय दुखून बरे झाले, की तसाच उतार पुढच्या वेळी बराच कमी दुखतो आणि ही सवय काही आठवडे टिकते.

येळ्ळूरचा राजहंसगड या सुरुवातीसाठी मला सगळ्यात योग्य वाटतो. शहराजवळ आहे, वरपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि चढ आखूड आहे. वर जायचं, जपून उतरायचं, पुन्हा वर. पोटऱ्या भरून आल्या की कुठल्याही फेरीनंतर थांबता येतं. सायकलवाल्यांनी आणि पोहणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण त्यांचा दम त्यांच्या हाडांच्या आणि शिरांच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. हृदय लवकर तयार होतं, घोट्यामागची जाड शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी) महिने घेते. आज तासभर सहज धावता येतंय म्हणून उद्या दोन तास धावलात, तर दुखणं तिथेच उभं राहतं. सुरुवातीला चढ धावा आणि उतार चाला. मग उतारावर पावलं आखूड आणि भरभर टाका, अंग मागे झुकवू नका. गडाची उणीव एकच: उतार पायांत उतरायच्या आत संपतो.

ती उणीव जांबोटी-कणकुंबीचा रस्ता भरून काढतो. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीपर्यंत रस्ता वरखाली होत जातो आणि पुढे चोर्ला घाट गोव्याकडे लांबवर उतरतो. सपाटीवरची मॅरेथॉन धावलेल्यांची हाडं डांबराला सरावलेली असतात, त्यांनी गडावर फार वेळ न घालवता इकडे यायला हरकत नाही. सह्याद्रीत पाठीवर ओझं घेऊन ट्रेक करणाऱ्यांनीही यावं. त्यांच्या मांड्यांना उतार ठाऊक असतो, हवी असते ती धावण्याची लय. कणकुंबीहून निघालात तर आधी उतार आणि परतताना चढ येतो. शर्यतीचा नकाशा उलटा असेल तर गाडी घाटाखाली लावून वर धावा.

खरं या घाटाला एकट्याने जाऊ नये. अवजड गाड्या, आंधळी वळणं, दोन्ही अंगाला जंगल. अंधारात तर नकोच, आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरची गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. सोबत आणि मागून येणारी गाडी नसेल, तर मी डोळे झाकून राजहंसगड निवडेन. आंबोलीचा घाटही उताराला चांगला आहे, पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडून. तेव्हा धबधब्याच्या गर्दीत चालायलाही जागा नसते.

खाण्याचंही नव्याने शिकावं लागतं. सायकलवर पोट स्थिर असतं, तिथे इडली-वडाही पचतो. धावताना पोट हिंदकळतं, उतारावर जास्तच. शर्यतीत जे घेणार, मग ती नाचणीची पातळ आंबील असो की पाकिटातलं एनर्जी जेल, ते घाटातल्या लांब धावेतच पोटाला पारखू द्या.

हातात चार-पाच महिने असतील तर पहिले दोन गडावर, पुढचे घाटात. दोनच महिने उरले असतील आणि तुम्ही सायकलवरून आला असाल, तर घाटाचा मोह सोडून गडावरच्या फेऱ्या वाढवा. दोन्ही बाबतींत शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपवा. त्यानंतर गडाच्या एक-दोन हलक्या फेऱ्या पुरतात.